संमेलनातून काय मिळालं?

ताई, सलाम.

मी वडगाव शेरीची. वय बेचाळीस, शाळेत मराठी शिकवते. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मासिकात कथा लिहिते, दिवाळी अंकांनाही पाठवते. दोन-तीन छापून आल्या. गेल्या वर्षी पुण्यातच, नगर रस्त्यावर, ख्रिस्ती लेखकांचं दोन दिवसांचं संमेलन झालं. कथासंग्रहाची फाइल घेऊन गेले होते. ज्या प्रकाशकांना ती दाखवायची होती, ते उद्घाटनाचं भाषण करून चहाच्या आधीच निघून गेले. फाइल होती तशी घरी आली.

मुक्कामाच्या खोलीत मात्र दोघी भेटल्या. एक वसईची, कॅथलिक, नर्स आहे. दुसऱ्या नगरच्या, माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, निवृत्त. तेव्हापासून आमचा तिघींचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एकमेकींचं लिखाण वाचतो. वसईच्या मैत्रिणीने माझ्या एका कथेवर लिहिलं, "इथून पुढे तू प्रवचन करायला लागलीस. म्हातारा कुठे गेला?" मला फार राग आला. मग मी ती शेवटची दीड पानं काढून टाकली आणि कथा सुधारली, हे खरं.

मिस्टर म्हणतात, "फी भरलीस, सुट्ट्या घालवल्यास, मिळालं काय? दोन मैत्रिणी? त्या सोसायटीतही मिळतात." मला उत्तर देता येत नाही. मंडळीतल्या एकांनी वेगळंच विचारलं: "कॅथलिक बाईकडून कथा तपासून घेतेस?"

आता खरं दुखणं. गेल्या महिन्यात वसईच्या मैत्रिणीचा संग्रह एका प्रकाशकाने घेतला. तिने सगळ्यांत आधी आम्हाला कळवलं. मी अंगठा पाठवला आणि फोन उलटा ठेवला. प्रार्थना केली, तरी मनातलं जात नाही. तिकडे नगरच्या ताई रोज एक कविता पाठवतात, "कशी वाटली?" विचारतात. मी "छान" लिहिते आणि खोटं बोलल्यासारखं वाटतं. येत्या थंडीत पुन्हा संमेलन आहे. जाऊ का?

— लिहिती

*

प्रिय लिहिती, सलाम.

तुमच्या मिस्टरांचा प्रश्न रास्त आहे. घरातल्या माणसाने फीचा आणि सुट्ट्यांचा हिशेब विचारला म्हणून तो काही साहित्याचा वैरी होत नाही. तेव्हा त्यांना सरळ उत्तर देऊ. सोसायटीत मैत्रिणी मिळतात, अगदी जिवाला जीव देणाऱ्या मिळतात, पण "म्हातारा कुठे गेला?" असं विचारणारी तिथे मिळायची नाही.

तीच कथा तुम्ही मंडळीत वाचून दाखवली असती तर काय झालं असतं, ते मी डोळे मिटून सांगते. नेमकी ती दीड पानंच लोकांना सगळ्यांत जास्त आवडली असती. मागच्या बाकावरून कोणीतरी आमेन म्हटलं असतं. बाहेर पडताना पाळकसाहेबांनी हात हातात घेऊन "फार आशीर्वाद मिळाला" म्हटलं असतं आणि महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी झेरॉक्स मागितली असती. या मायेला मी नावं ठेवत नाही. तुम्हाला पहिल्यांदा लिहितं केलं ते याच माणसांनी असणार. पण कथेत बायबलचं वचन आलं म्हणजे कथा चांगली झाली, असा तिथला हिशेब. त्यात म्हातारा राहिला काय आणि हरवला काय, कोणाचं काही अडत नाही.

बरं, तीच कथा शहरातल्या एखाद्या कथावाचनाच्या बैठकीत नेली असती तर? तिथली माणसं वाचणारी, जाणकार. सुरुवात लांबली हे त्यांनी बरोबर सांगितलं असतं. पण पाचव्या मिनिटाला चर्चा कथेवरून घसरून "तुमच्यात मयतानंतर काय काय करतात?" यावर गेली असती. आणि निघताना कोणीतरी अगदी मनापासून म्हणालं असतं, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" ज्या घरात चार पिढ्या प्रार्थना, भांडणं आणि वाणसामानाच्या याद्या सगळं मराठीतच झालं, तिथल्या बाईने यावर काय बोलावं? त्यातून तुम्ही मराठी शिकवणाऱ्या. आपण हसतो आणि चहा घेतो.

तुमचा म्हातारा कोण, कुठला, मला माहीत नाही. पण तो उपासनेला जात असेल तर त्याचं सगळं घर, त्याची मंडळी, गुड फ्रायडेला त्याच्या खिशात असलेला रुमाल, यातलं काही तुम्हाला त्या वसईच्या बाईला समजावून सांगावं लागलं नसणार. आणि एवढं सगळं ओळखीचं असूनही तो शेवटी गायब झाला, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. हे दोन्ही एका माणसात असणं दुर्मीळ आहे. मराठीत ख्रिस्ती जगण्याविषयी लिहिणारे आधीच थोडे, ते वसई, नगर, नाशिक, पुणे, कोल्हापूर असे विखुरलेले. ते आपणहून एकमेकांच्या दारात येत नाहीत. त्यांना दोन दिवस एका छपराखाली कोंडावं लागतं, एवढ्यासाठी संमेलन. फी त्याची होती, असं मिस्टरांना सांगा.

प्रकाशकांचं म्हणाल, तर तुमची निराशा मला कळते. कॅलिफोर्नियात माउंट हर्मन नावाच्या ठिकाणी १९७० पासून ख्रिस्ती लेखकांच्या परिषदा भरत आल्या. तिकडच्या अशा परिषदांमध्ये संपादकाबरोबर दहा-पंधरा मिनिटांची भेट आधी ठरवून घेता येते, हस्तलिखित दाखवता येतं. आपल्याकडे पाहुणे हार-शाल घेतात, भाषण करतात आणि दुसऱ्या कार्यक्रमाला पळतात. ही पद्धत बदलायला हवी, आणि आयोजकांना तसं लेखी कळवायलाही हवं. तोवर प्रकाशकाला आधी पत्र टाकायचं, संमेलनात फक्त तोंडओळख करून घ्यायची आणि जाताना संग्रहाची फाइल न नेता एकच कथा न्यायची. शाल-श्रीफळाच्या गर्दीत दोनशे पानं कोण उघडतो?

तुम्ही मराठी शिकवता, म्हणजे बालकवी शिकवले असणारच. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं, डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष. तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली आणि कीर्तिकरांनी त्याला बालकवी ही पदवी दिली. पाठ्यपुस्तकातली टीप बहुधा इथे संपते. मला त्यापुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. त्या संमेलनाला कवी रेव्हरंड ना. वा. टिळकही होते, आणि हा मुलगा पुढे नगरला त्यांच्या घरी येऊन राहिला. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला, मुलगा ब्राह्मणाघरचा. त्या काळच्या समाजात अशा घरात जाऊन राहणं म्हणजे गंमत नव्हती. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात हा ठोमरे भेटतो. घरातल्या मुलासारखा वावरणारा, हळवा, रुसणारा. १९१८ मध्ये रेल्वे अपघातात तो गेला तेव्हा वयाची अठ्ठावीस वर्षंही पुरी झाली नव्हती, आणि पुढच्याच वर्षी टिळक गेले. म्हणजे सगळं मिळून दहा-अकरा वर्षांचा काळ. जळगावच्या मांडवात टाळ्या किती पडल्या याला आज काही अर्थ नाही. नगरच्या त्या घरात एका कवीला दुसरा कवी आणि वर आईसारखी बाई मिळाली, याला आहे.

संमेलनावर चिडणाऱ्या तुम्ही काही पहिल्या नाही. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने ग्रंथकार जमले ते आपल्या पुण्यातच. १८८५ च्या दुसऱ्या सभेचं बोलावणं आलं तेव्हा जोतीराव फुल्यांनी असं सडेतोड पत्र धाडलं की ते अजून वाचलं जातं: आमची दुःखं ज्यांच्या गावी नाहीत, त्यांच्यात मिसळून आम्हाला काय मिळणार, असा त्याचा रोख. पुढे ज्यांना त्या मांडवात आपली जागा दिसली नाही, त्यांनी आपापले मांडव घातले; ग्रामीण, दलित, मुस्लिम मराठी आणि ख्रिस्तीही. ख्रिस्ती संमेलनाचं अध्यक्षपद स्वतः लक्ष्मीबाईंनी भूषवलेलं आहे. म्हणजे ज्या मांडवात तुमची फाइल न उघडता परत आली, तो घरचाच आहे. घरच्या मांडवात तक्रार करायचा हक्क असतो, तसं खुर्च्या मांडायला जायचं कामही असतं.

कॅथलिक बाईच्या प्रश्नावर फार वेळ घालवू नका. तिने तुमच्या कथेतला म्हातारा शोधला, तुमचा सिद्धान्त तपासला नाही. आणि मराठी ख्रिस्ती साहित्याचा अभिमान सांगायला हीच मंडळी उभी राहतात तेव्हा १६१६ मध्ये छापलेलं ख्रिस्तपुराण कॅथलिक जेज्वीट फादर स्टीफन्सचं आणि ख्रिस्तायन प्रॉटेस्टंट अमेरिकन मराठी मिशनच्या टिळकांचं, दोन्ही एका दमात सांगतात. २०२० मध्ये वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत आमच्या ओळखीचे प्रॉटेस्टंट कितीतरी होते. विचारणाऱ्या गृहस्थांना एवढंच म्हणा, "तुम्ही तपासून देता का?" ते देणार नाहीत.

आता अंगठ्याकडे येऊ.

तुम्हाला हेवा वाटला. वाटणारच. दोघी एकाच खोलीतून निघालात, एकीची फाइल उघडली, दुसरीची नाही. परक्या लेखिकेचं पुस्तक आलं असतं तर तुम्हाला काही झालं नसतं. हेवा नेहमी जवळच्याचाच वाटतो. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात दोन गोष्टी जोडून सांगितल्यात: आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. दुसऱ्या अर्ध्यात आपण मंडळीवाले पटाईत. कोणाच्या घरी मयत झालं तर तासाभरात डबे, खुर्च्या, गाणारी मंडळी, सगळं हजर. पहिल्या अर्ध्याला आपल्याकडे तशी काही यंत्रणाच नाही. शेजारणीचा मुलगा अमेरिकेला गेला की आपण "प्रभूची कृपा" म्हणतो आणि घाईघाईने घरी येतो.

प्रार्थना करताय, करत राहा. पण तिच्या जोडीला हाताला काम द्या, मन त्याच्यामागून येतं. तिला फोन करा (मेसेज नको, फोन) आणि म्हणा, प्रुफं आली की एक वाचन मी करते. स्वतःची प्रुफं स्वतःला वाचता येत नाहीत. जे लिहायचं होतं तेच डोळ्यांना दिसतं. तुम्ही मराठीच्या बाई, ऱ्हस्व-दीर्घ तुमच्या नजरेतून सुटणार नाहीत. पण त्याहीपेक्षा दुसऱ्या गोष्टी बघा. पहिल्या कथेतली मावशी चौथ्या पानावर काकू झाली आहे का? डिसेंबरातल्या कथेत कोणी आंबा खातंय का? वचनाचा अध्याय आणि ओवी बरोबर आहेत का? ख्रिस्ती पुस्तकात तो आकडा चुकला, की वाचक बाकीचं सगळं विसरून तेवढंच कळवतात. पेन्सिल घेऊन कोणाच्या पानांवर चार संध्याकाळी बसलं, की ते पुस्तक थोडं आपलं व्हायला लागतं. मनातली अढी तिथे सुटेल, नुसतं अभिनंदन लिहून सुटणार नाही.

शिवाय "प्रकाशकाने घेतलं" म्हणजे नेमकं काय, हे तिला विचारा. छपाईचा खर्च कोण करणार? तिला प्रती विकत घ्याव्या लागणार का, किती? रॉयल्टी दहा टक्के की नुसतं आश्वासन? करार लेखी आहे ना, आणि दुसऱ्या आवृत्तीचा हक्क कोणाकडे? पहिल्या पुस्तकाची आवृत्ती आजकाल बहुधा काहीशे प्रतींची निघते, आणि त्यातले गठ्ठे बऱ्याचदा लेखकाच्याच पलंगाखाली मुक्कामाला येतात. आनंदात असलेल्या माणसाला हे प्रश्न सुचत नाहीत आणि प्रकाशक आपणहून सांगत नाही. तिच्या जवळ बसून हे विचारणारं कोणीतरी हवं. उद्या तुमची वेळ आली की तीच तुमच्यासाठी विचारेल, पण म्हणून करू नका. तिने नाही विचारलं तरी करा. मैत्रीत वही उघडून जमाखर्च मांडला, की पहिल्या पानावरच दोघी तोट्यात.

नगरच्या ताईंचा प्रश्न त्यामानाने सोपा. रोजच्या कवितेला रोज शेरा द्यायचा नसतो. त्या वयाने मोठ्या आहेत, तेव्हा आदराने म्हणा, "ताई, शनिवारी आठवड्यातल्या तुमच्या आवडीची एकच पाठवा, मी नीट वाचून फोन करते." फोनवर चांगली-वाईट म्हणू नका. कोणती ओळ लक्षात राहिली ते सांगा, आणि कुठे पुढे वाचावंसं वाटलं नाही तेही. मला एक शंका आहे. निवृत्त बाई रोज सकाळी कविता पाठवते, तिला प्रत्येक वेळी अभिप्राय हवा असतोच असं नाही. तिकडे कोणी जागं आहे का, एवढंच बघायचं असतं. तसं असेल तर कवितेचं राहू द्या, त्या जेवल्या का ते विचारा.

आणि तुमच्या त्या ग्रुपवर एक पथ्य पाळा. प्रार्थनेचे विषय टाका, जरूर टाका. एकमेकींच्या लिखाणासाठी नावानिशी प्रार्थना करणं हे इतर लेखकांच्या ग्रुपवर नसतं, ते आपल्याकडे आहे आणि ते मोलाचं आहे. पण कोणी कथा टाकली की "तुझ्यासाठी प्रार्थना करते" असं उत्तर देऊन सुटायचं नाही. कथा वाचायची. सुप्रभातची फुलं आणि फॉरवर्ड शिरले, तर तीन महिन्यांत तो ग्रुपही तुमच्या फोनमधल्या बाकीच्या ग्रुपांसारखा होईल आणि वसईची बाई म्हाताऱ्याबद्दल विचारणं सोडून देईल. मी असे ग्रुप बरेच पाहिलेत, म्हणून सांगते.

संमेलनात भेटणारा प्रत्येक जण या लायकीचा असतो, असं मात्र समजू नका. जेवणाच्या रांगेत, हातात ताट असताना, खिशातून कविता काढणारे असतात. "माझं पुस्तक घ्या, मग तुमचं बघू" म्हणणारे असतात. दोन दिवसांत दहा सेल्फी काढून पुन्हा कधी फोन न करणारे तर बहुसंख्य. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. शंभरात दोघी मिळाल्या, हे प्रमाण मला भरघोस वाटतं.

जा, जरूर जा. मागच्या वेळी पुण्यात घर असून तुम्ही मुक्कामाला राहिलात, हे फार शहाणपणाचं झालं. आम्हा पुणेकरांची खोड अशी की साडेपाचचा चहा घ्यायचा आणि रिक्षा पकडून घरी. जे काही घडतं ते त्यानंतर घडतं: जेवण झाल्यावर, पलंगावर मांडी घालून, वक्त्यांची नक्कल करत. या खेपेलाही राहा. फक्त तिघींनी सगळा वेळ एकाच ओळीत बसून घालवू नका. जेवायला वेगवेगळ्या टेबलांवर जा. आणि मंडळीतली एखादी लिहिणारी मुलगी असेल तर तिला सोबत न्या, फी अर्धी तुम्ही भरा. मिस्टरांना यातलं आत्ताच सांगायची गरज नाही.

मिस्टरांसाठी माझ्याकडे दुसरा उपाय आहे. एका रविवारी उपासनेनंतर दोघींना जेवायला बोलवा. नगरची एसटी तुमच्या बाजूनेच येते, ताई खराडीलाच उतरतील. वसईच्या बाईला लांब पडेल, ड्युटीही बघावी लागेल. तिला आदल्या रात्री मुक्कामाला येऊ द्या. जेवणं झाली की टेबल आवरा आणि तुमची नवी कथा मोठ्याने वाचा, मिस्टर तिथे बसलेले असताना. त्या दोघी बोलायला लागल्या की मध्ये पडू नका. मिस्टर काही बोलले तर तेही ऐकून घ्या. म्हातारा त्यांच्या ओळखीचा निघाला तर नवल वाटायला नको.

फोन मात्र आजच करा, तिची ड्युटी बघून. आणि पुस्तक आलं की प्रत विकत घ्या. फुकट मागायचीच तर सही मागा.

तुमची,
ताई